सेमाग्लुटाइड की टिर्झेपटाइड?

दोन्ही वजन उतरवण्यासाठी आठवड्यातून एकदा कातडीखाली टोचून घ्यायची इंजेक्शनं. सेमाग्लुटाइड भूक आवरणाऱ्या जीएलपी-१ या एकाच संप्रेरकाची नक्कल करतं. टिर्झेपटाइड जोडीला जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचीही. नुसता वजनकाटा पाहायचा तर निकाल लागलाय: २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरमाउंट-५ चाचणीत ७२ आठवड्यांत टिर्झेपटाइडवाल्यांचं वजन सरासरी २०.२ टक्के उतरलं, सेमाग्लुटाइडवाल्यांचं १३.७. (चाचणीचा खर्च टिर्झेपटाइड बनवणाऱ्या एली लिलीचाच, हेही ध्यानात असू द्या.)

हृदयरोगतज्ज्ञांना विचाराल तर मात्र पारडं फिरतं. २०२३ च्या सिलेक्ट चाचणीत मधुमेह नसलेले, पण हृदयविकार आणि जास्त वजन असलेले रुग्ण होते. त्यांच्यात सेमाग्लुटाइडने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचा एकत्रित धोका २० टक्क्यांनी घटवला. अशा रुग्णांसाठी टिर्झेपटाइडकडे या तोडीचा पुरावा अजून यायचाय.

म्हणून झटका येऊन गेला असेल तर माझा कौल सेमाग्लुटाइडला. लठ्ठपणामुळे झोपेत श्वास अडकत असेल तर टिर्झेपटाइडला. त्यासाठी अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने डिसेंबर २०२४ मध्ये त्याला मान्यताही दिली. मळमळ, बद्धकोष्ठता दोन्हीकडे आहेच. आणि इंजेक्शन थांबवलं की बहुतेकांचं वजन पुन्हा चढू लागतं, मग औषध कुठलंही असो.