जावास्क्रिप्टमधील बॅकटिक: अकरा महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः चार स्पेसविषयी

उदगीरच्या मोंढ्यात माझ्या मामांचे आडत दुकान आहे आणि तेथे शेतकऱ्याच्या हाती विक्रीच्या हिशेबाची जी पट्टी दिली जाते ती मी जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेल्या कोडमधून छापली जाते. गेल्या जूनमध्ये मी त्या पट्टीचा सगळा मजकूर टेम्प्लेट लिटरलमध्ये, म्हणजे बॅकटिक (`) या तिरक्या अवतरणचिन्हाच्या जोडीत, आणला. आता मे संपत आला असून सोयाबीन, तूर आणि हरभरा या तिन्ही मालांची आवक या कोडने पाहिली आहे, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

त्याआधी प्रत्येक ओळ स्वतंत्र अवतरणात, तिच्या शेवटी नव्या ओळीची खूण आणि पुढे अधिकचे चिन्ह अशी रचना होती. त्याहून जुन्या एका फाइलमध्ये ओळीच्या टोकाला उलटी तिरकी रेघ देऊन मजकूर पुढे नेलेला होता. ही सोय जावास्क्रिप्टच्या २००९ च्या ईएस५ या मानकात अधिकृत झाली, पण तिच्याने मजकुरात नवी ओळ येत नाही, आणि त्या रेघेनंतर चुकून एक स्पेस राहिली तर सगळी फाइल सिंटॅक्स एररने, म्हणजे लिहिण्याच्या नियमातील चुकीने, बंद पडते. ती स्पेस डोळ्यांना दिसत नाही. तिच्यापायी माझा एक पूर्ण रविवार गेला होता.

त्या तुलनेत २०१५ च्या ईएस६ मधील बॅकटिक मला पहिल्या आठवड्यातच आवडला. पडद्यावर पट्टी जशी दिसते तशीच ती कोडमध्ये दिसू लागली आणि हमाली, तोलाई यांचे आकडे डॉलर व महिरपी कंसातून जागच्या जागी भरता आले. विंडोजवर जतन केलेल्या फाइलमधील ओळींच्या टोकाची दुहेरी खूणसुद्धा स्ट्रिंगमध्ये, म्हणजे कोडमधील मजकुरात, एकेरीच होऊन येते, त्यामुळे माझा लॅपटॉप आणि दुकानातील संगणक यांच्या छपाईत फरक पडला नाही. सप्टेंबरपर्यंत मला विचारले असते तर मी निःशंकपणे पूर्ण गुण दिले असते.

ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची आवक सुरू झाली आणि रोखीची व बँकेची पट्टी वेगळी हवी असे मामांनी सांगितले. मी मजकूर एका फंक्शनमधील (कोडच्या नाव दिलेल्या तुकड्यातील) अटीच्या आत हलवला आणि कोड नीट दिसावा म्हणून सगळ्या ओळी निवडून एकदा टॅब दाबला. माझा एडिटर टॅबच्या जागी चार स्पेस घालतो. बॅकटिकच्या आतली प्रत्येक स्पेस हा मजकुराचाच भाग असतो. कोडची मांडणी कोणती आणि मजकूर कोणता, हे भाषा ओळखत नाही. आमच्या प्रिंटरच्या ५८ मिलिमीटरच्या कागदावर एका ओळीत ३२ अक्षरे बसतात आणि मी प्रत्येक ओळ मोजून ३२ चीच केली होती. उजवीकडची आठ घरे रकमेची. चार स्पेस पुढे आल्यावर प्रत्येक भरलेल्या ओळीची शेवटची चार अक्षरे खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी साठ कट्टे, म्हणजे ३० क्विंटल सोयाबीन, ४,१५० रुपये दराने गेले. रक्कम १,२४,५०० रुपये. पट्टीवर ती अशी आली:

मालाची किंमत        १,२४
,५००

ज्यांचा माल होता त्या आजोबांनी पट्टी उन्हात धरून पाहिली आणि मामांना विचारले, “मालक, हे खालचे पाचशे कशाचे कापले ओ?” मामांनी हिशेब तोंडी समजावला, पैसे पूर्ण दिले, तरी ते आजोबा निघताना पट्टी पुन्हा उघडून पाहत होते, हे मी विसरू शकलो नाही. वर्षभराच्या मालाचा हिशेब ज्या चिठोऱ्यावर येतो, त्यावर आकडा तुटणे ही किरकोळ चूक नव्हे.

प्रिंटर बिघडला असे समजून आम्ही दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने प्रिंटरची स्वतःची चाचणी छापून दाखवली, तिच्यात ३२ अक्षरे बरोबर होती, आणि येण्याजाण्याचे तीनशे रुपये घेतले. त्यात त्याचे काही चुकले नाही. कागदाचे रोल मात्र जवळजवळ दुप्पट वेगाने संपू लागले होते आणि ते मामांच्या नजरेतून सुटले नाही.

रागाच्या भरात मी बॅकटिक काढून टाकला आणि ओळींचा ॲरे, म्हणजे यादी, करून तो जोडण्याच्या पद्धतीवर गेलो. दोन महिने तसे चालवले. छपाई निर्दोष होती, पण स्वल्पविराम आणि अवतरणे यांच्या गर्दीत पट्टीचे रूप दिसेनासे झाले आणि तोलाईची ओळ बदलताना मी हमालीची बदलली. तेव्हा माझे मत पुन्हा फिरले: दोष बॅकटिकचा होता, पण तो सुटण्याजोगा होता.

जानेवारीत मी टॅग फंक्शन लिहिले. बॅकटिकच्या आधी फंक्शनचे नाव ठेवले की त्याला मजकुराचे तुकडे आणि भरायच्या किमती वेगवेगळ्या मिळतात. फक्त तुकड्यांमध्ये, नव्या ओळीनंतरच्या सर्वांत कमी स्पेस मोजून तेवढ्याच सर्व ओळींतून काढायच्या आणि मग किमती भरायच्या. किमती आधी भरून नंतर स्पेस काढू नयेत, कारण एखाद्या पत्त्यात नवी ओळ असेल तर मोजणीच चुकते. सुरुवातीच्या बॅकटिकनंतरची रिकामी ओळ घालवण्यासाठी मी प्रथम दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा काढणारे ट्रिम वापरले होते, पण त्याने मध्यभागी आणलेले दुकानाचे नाव डाव्या कडेला चिकटले. आता बॅकटिकला लागूनच उलटी तिरकी रेघ देतो, तीच जुनी रेघ, आणि ती ओळ नाहीशी होते. रक्कम उजवीकडे सरकवण्यासाठी मजकुराच्या आधी स्पेस भरणारे, २०१७ मध्ये आलेले पॅडस्टार्ट पुरेसे आहे.

जावा या दुसऱ्या भाषेने २०२० मध्ये पंधराव्या आवृत्तीत टेक्स्ट ब्लॉक, म्हणजे अनेक ओळींचा मजकूर लिहिण्याची सोय, कायम केले, तेव्हा ही मांडणीची मोकळी जागा भाषेनेच काढण्याची सोय दिली. जावास्क्रिप्टसाठीही तसा प्रस्ताव मांडलेला आहे. तो भाषेत येईल त्या दिवशी माझे फंक्शन मी आनंदाने पुसून टाकीन.

पट्टीच्या तळाशी बरोबर ३२ आडव्या रेघांची एक ओळ मी मुद्दाम ठेवली आहे. ती दुमडून खाली उतरली तर मुनीमजींनी पट्टी कोणाच्या हाती न देता मला फोन करायचा, असे ठरले आहे. जानेवारीनंतर तसा फोन आलेला नाही.