शेबँग ओळ: थेट पत्ता की एन्व्ह?

स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत (हीच शेबँग) ‘#!/यूएसआर/बिन/पायथन३’ असा थेट पत्ता दिला की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तोच इंटरप्रिटर (स्क्रिप्ट वाचून चालवणारा प्रोग्रॅम) चालवतो. व्हेन्व्ह, म्हणजे प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन, चालू असलं तरी कर्नलला त्याची खबर नसते. ‘#!/यूएसआर/बिन/एन्व्ह पायथन३’ मात्र पाथमध्ये (प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) जो पायथन३ आधी सापडेल तो उचलतो. अंधेरीच्या ऑफिसात निम्मे मॅकवर, निम्मे उबुंटूवर असतील तर एन्व्हच बरं.

गोची होते क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या सोयीत. तिथला पाथ बहुधा /यूएसआर/बिन आणि /बिन एवढाच. म्हणून रात्रीचं काम भलत्याच व्हर्जनवर चालतं आणि मॉड्यूल सापडत नाही. क्रॉनला थेट पत्ताच द्या, तोही व्हेन्व्हमधल्या पायथनचा.

लिनक्सवर ‘एन्व्ह पायथन३ -यू’ लिहिलंत तर ‘पायथन३ -यू’ हे एकच नाव समजलं जातं. एन्व्हनंतर ‘-एस’ हवा, म्हणजे शब्द सुटे होतात. विंडोजवर सेव्ह केलेल्या फाइलवर दोन्ही प्रकार आपटतात, कारण ओळीअखेरचं सीआर (विंडोजचं न दिसणारं जादा अक्षर) नावाला चिकटतं.