कॅश केबिनची भिंत: वीट, ब्लॉक, जांभा की पत्रा?

सराफाचं दुकान बांधायला घेतलं की मालक कधीतरी गवंड्याला विचारतोच, "उद्या कुणी गोळी झाडली तर ही भिंत झेलेल ना?" गवंडी विटेवर थापी आपटतो आणि म्हणतो, "हत्ती आणा, शेठ." पण हत्तीचा धक्का आणि गोळीचा मारा यांत फरक आहे. हत्ती अख्ख्या भिंतीला रेटतो. गोळी आपला सगळा जोर बोटभर जागेवर उतरवते. त्यामुळे इमारतीचा भार मजेत पेलणारी भिंत गोळीपुढे लेचीपेची ठरू शकते.

गोळी कुठली, हे आधी ठरवा. नऊ एमएम पिस्तुलाची गोळी साडेसात ग्रॅमची, वेग सेकंदाला साधारण ३६० मीटर, म्हणजे ऊर्जा ५०० ज्यूलच्या आसपास. एके-४७ ची गोळी जवळपास तेवढ्याच वजनाची, पण वेग ७१५ मीटर. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट, म्हणून ती २००० ज्यूलवर जाते. जुन्या एसएलआरची (सेल्फ लोडिंग रायफलीची) तर ३२०० च्या पुढे. आपल्याकडच्या दरोड्यांत बहुतेकदा पिस्तूल किंवा देशी कट्टा असतो. कट्ट्याची नळी आखूड, त्यामुळे गोळीला पुरता वेग मिळत नाही. तेव्हा दुकानाचा हिशेब पिस्तुलासाठी करावा. रायफलीपासून बचाव हवा असेल तर तो खर्च आणि तो सल्लागार दोन्ही वेगळे.

भाजलेली वीट मला अजूनही सगळ्यात भरवशाची वाटते. चार इंची भिंत, दर्जा (विटांमधले सांधे) नीट भरलेल्या आणि दोन्ही बाजूंनी गिलावा असेल, तर पिस्तुलाची गोळी सहसा अडवते. रायफलीची गोळी मात्र त्यातून आरपार जाऊ शकते. नऊ इंची भिंत रायफलीची एकटदुकट गोळीही पोटात घेते. अमृतसरच्या जालियनवाला बागेत १३ एप्रिल १९१९ रोजी पॉइंट ३०३ रायफलींतून १६५० गोळ्या झाडल्या गेल्या. तिथल्या विटांच्या भिंतीवर त्या खुणा आजही चौकटी आखून दाखवतात. ते खड्डे आहेत, आरपार भोकं नाहीत. अर्थात एकाच जागी गोळ्या बसत राहिल्या तर वीट भुगा होत जाते आणि भिंत तिथे पोखरली जाते. एका गोळीला टिकणं आणि भडिमाराला टिकणं, या दोन वेगळ्या परीक्षा.

आता बिल्डरचा लाडका एएसी ब्लॉक, म्हणजे हवा भरून फुगवलेल्या हलक्या काँक्रीटचा. घनमीटरला साधारण ६०० किलो, वीटकामाच्या जेमतेम एक तृतीयांश. त्यात हवेची बारीक छिद्रं असतात, म्हणून तो हलका असतो आणि उन्हात घर गार ठेवतो. पण गोळीला थांबवायला वस्तुमान लागतं, आणि नेमकं तेच इथे काढून घेतलेलं असतं. आठ इंची ब्लॉक पिस्तुलापुढे बऱ्यापैकी उभा राहतो, रायफलीपुढे नाही. चार इंची ब्लॉकवर मी पिस्तुलासाठीसुद्धा विसंबणार नाही. हातकरवतीने कापता येणारी भिंत तिजोरीच्या खोलीला कशाला लावायची, हा साधा प्रश्न तर आहेच.

काँक्रीटचा पोकळ ब्लॉक फसवा. बाहेरून दणकट दिसतो, पण पोकळीसमोर जेमतेम इंच-दीड इंचाचं कवच असतं. उपाय मात्र स्वस्त: बांधतानाच पोकळ्या काँक्रीटने ठासून भरा. वाळूने भरल्या तरी मोठा फरक पडतो. वाळूची गंमत अशी की जवळून आलेली वेगवान गोळी तिच्यात लवकर कलंडते, कधी फुटते, आणि दुरून मंदावून आलेल्या गोळीपेक्षा कमी खोल जाते. सैनिक वाळूची पोती उगाच रचत नाहीत.

कोकणात असाल तर प्रश्नच मिटतो. नऊ इंची जांभ्याचा चिरा जड असतो आणि थोडा चुरत चुरत गोळी गिळतो. काळा दगड त्याहून कितीतरी कठीण, पण त्यावरून गोळी उसळते आणि कपच्या उडतात, अरुंद बोळात ते धोक्याचं. खानदेश-मराठवाड्यातल्या गढ्यांच्या पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती या बाबतीत आजच्या फ्लॅटच्या भिंतींना लाजवतील.

सहा इंची आरसीसी (लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटची) भिंत पिस्तुलाला दाद देत नाही, रायफलीच्या सुट्या गोळ्याही सोसते. पण जोराच्या माऱ्याने मागच्या बाजूचे टवके आतल्या माणसावर उडू शकतात. आतून जाळी मारून गिलावा करा.

वजनाचं गणित इथेच करून घ्या. नऊ इंची वीट चौरस मीटरला साधारण ४४० किलो, सहा इंची आरसीसी ३७५, आठ इंची एएसी १२०. तीन मीटर उंच विटेची भिंत म्हणजे धावत्या मीटरला तेराशे किलो. पहिल्या मजल्यावर, खाली बीम नसताना अशी भिंत उभी करायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय वीटसुद्धा वर चढवू नका.

जिप्सम बोर्ड, प्लाय, शटरचा पत्रा यांची तुलना करण्यात अर्थ नाही. हे आडोसे आहेत, आसरे नव्हेत. गोळी यांतून जाते आणि पलीकडच्या खोलीतही जाते. सहा मिलिमीटरची साधी लोखंडी प्लेट पिस्तूल अडवते, एके-४७ नाही.

मुंबईत कुलाब्याच्या लिओपोल्ड कॅफेत २६ नोव्हेंबर २००८ च्या खुणा जपून ठेवल्या आहेत. भिंतीत खड्डे आहेत, काचेत भोकं. साधी टफन्ड काच, बारा मिलिमीटरची असली तरी, गोळी अडवत नाही. त्यासाठी अनेक थरांची लॅमिनेटेड काच लागते. पिस्तुलासाठी वीसेक मिलिमीटर, म्हणजे चौरस मीटरला ५० किलो, आणि रायफलीसाठी साधारण त्याच्या दुप्पट. चाचणीचं प्रमाणपत्र बघा, आणि चौकट त्याच दर्जाची आहे का तेही विचारा.

माझा कौल: तळमजल्यावर नऊ इंची वीट किंवा जांभा, वरच्या मजल्यावर खाली बीम असेल तर काँक्रीटने भरलेले पोकळ ब्लॉक, आणि उरलेला पैसा दार व काचेवर. एवढं करूनही लोक एक जागा विसरतात. वर महागडी बुलेटप्रूफ काच, आणि तिच्या खाली कॅशियरच्या पोटासमोर सनमायका लावलेला प्लायचा काउंटर. त्या काउंटरच्या आत चार इंची वीटकाम करून घ्या, वरून सनमायका खुशाल लावा.