हेळव्याची वही : घराण्याच्या पिढ्या सांगणारी ही सेवा किती भरवशाची?

रब्बीची ज्वारी खळ्यावरून घरात आली की अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढा या पट्ट्यातल्या गावांत हेळवी येतात. पूर्वी सजवलेल्या बैलावर बसून यायचे, आता मोटारसायकलवर येतात. लिंगायत, मराठा, धनगर अशा शेतकरी घराण्यांच्या पिढ्या सांगणं हा त्यांचा वंशपरंपरेचा व्यवसाय. गावं आणि घराणी वाटून घेतलेली असतात, त्यामुळे तुमच्या घराची वही कुणा एकाच हेळवी कुटुंबाकडे सापडते. भलत्याच हेळव्याला गाठलंत तर तो प्रामाणिकपणे दुसऱ्याचं नाव सांगेल. न सांगता लगेच पोथी उघडून बसणाऱ्याबाबत मात्र सावध राहा.

ही वही मुळातून, मूळपुरुषापासून खाली येते. पानाच्या डोक्यावर मूळ गाव आणि कुलदैवत, मग पहिला पुरुष, त्याला मुलगे किती, त्यातला कोण कुठे गेला, कोण निपुत्रिक वारला, कोण दत्तक आला. हेळवी हे चालीवर म्हणतो, एका दमात पाच-सहा नावं. पिढ्यांचा क्रम आणि घराण्याने गावं बदलत केलेली वाटचाल, या दोन गोष्टींत या वहीला तोड नाही. तलाठ्याच्या दप्तरात जमीन असेपर्यंतच माणूस दिसतो. दुष्काळात जमीन सोडून भीमेपलीकडे गेलेला धाकटा भाऊ सरकारी कागदातून नाहीसा होतो, हेळव्याच्या वहीत तो नव्या गावाच्या नावासह टिकतो. जमीन नसलेल्या शाखेसाठी तर बहुतेक वेळा हाच एक धागा उरतो.

आता उणी बाजू. तारखा जवळजवळ नसतातच. असलीच तर संवत्सराचं नाव असतं, आणि संवत्सर साठ वर्षांनी फिरून येतं. ‘धाता संवत्सरात गाव सोडलं’ एवढंच लिहिलं असेल तर ते 1816 असू शकतं, 1876 असू शकतं किंवा 1936. शेजारी मोठ्या दुष्काळाचा उल्लेख असला तर 1876 धरायला आधार मिळतो, कारण शके 1798 मध्ये धाताच होता आणि 1876 ते 1878 चा दुष्काळ तेव्हाच सुरू झाला. शक दिला असेल तर त्यात 78 मिळवा. निजामाच्या मुलखातून आलेल्या घराण्यांच्या कागदांवर फसली सन, म्हणजे महसुली वर्ष, असतो, त्यात 590 मिळवले की इसवी सन येतो. काहीच नसेल तर पिढीला 25 ते 30 वर्षं धरून अंदाज बांधा, आणि तो अंदाज आहे असं तिथल्या तिथे लिहून ठेवा.

दुसरी उणीव जास्त बोचते. मुली आणि सुना वहीत फारशा नसतात. वाड्यातल्या चार पिढ्यांच्या बायका कुठून आल्या, मुली कोणत्या गावी दिल्या, हे विचारलं तर हेळव्याला काही वेळा तोंडी आठवतं, पण कागदावर उतरलेलं नसतं. म्हणून तो बसलेला असतानाच घरातल्या थोरल्या आत्यांना आणि आज्यांना शेजारी बसवा. वाचन एकदा सुरू झालं की त्यांना माहेरची नावं आपोआप आठवू लागतात. एकजण लिहिणारा आणि एक मोबाइलवर आवाज टिपणारा, अशी दोन माणसं लागतातच. एकट्याने दोन्ही केलं की नावं सुटतात.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो एकाच नावाचा. सोलापूरकडे सिद्धरामेश्वरावरून ठेवलेलं सिद्राम, सिद्धाराम, सिद्रामप्पा हे नाव आजोबा-नातू असं एकाआड एक फिरतं. ऐकताना दोन सिद्राम एक धरले जातात आणि दोन पिढ्या गळतात. हेळवी थांबला की प्रत्येक नावाला ‘याचा बाप कोण, भाऊ किती’ असं उलटं विचारून घ्या. खरी वही असेल तर उलट्या दिशेनेही उत्तर जुळतं. आडनावावर फार विसंबू नका. एकाच मूळपुरुषाची एक शाखा पाटील, दुसरी गावावरून ‘कर’ लावणारी, तिसरी कन्नड घरनावाची, असं या पट्ट्यात सर्रास दिसतं.

जुन्या वह्या मोडीत किंवा कन्नडमध्ये असतात, नवी भर अलीकडच्या अक्षरात. पानाचा फोटो घ्यायचा तर आधी परवानगी विचारा, आणि फक्त आपल्याच घराण्याच्या पानांचा घ्या. दुसऱ्यांच्या पिढ्या त्या वहीत असतात आणि ती त्यांची उपजीविका आहे. फ्लॅश नको. ओसरीवरच्या सावलीतल्या उजेडात, पान सपाट ठेवून, गावाचं नाव असलेला मथळा फोटोत येईल असं धरा. मथळा सुटला की दोन वर्षांनी ते पान कोणत्या गावचं हे तुम्हालाच सांगता येणार नाही.

मोबदल्याला ठरलेला दर नाही. धान्य, कापड, भांडं, रोख, ऐपत असेल तर वासरू, अशी रीत आहे. रोख द्यायची असेल तर वाचनाआधीच बोलून घ्या. वाचन संपल्यावर, भाऊबंद जमलेले असताना घासाघीस होते आणि दोन्ही बाजूंना अवघड जातं. भावकीने मिळून दिलं तर कुणालाच जड जात नाही.

वही मिळाली की पडताळणी महसुली दप्तरात करा. गाव नमुना 6 म्हणजे फेरफार आणि 6-क म्हणजे वारस नोंदवही, या दोन्हींत खातेदार कधी वारला आणि वारस कोण हे मिळतं. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच्या नोंदींत मुलींची नावंही सापडतात, म्हणजे वहीतली पोकळी इथे थोडी भरते. जुन्या जन्म-मृत्यूसाठी पूर्वीचा गाव नमुना 14, ज्याला कोतवाल बुक म्हणतात. अक्कलकोट तालुक्यातल्या गावांनी लक्षात ठेवा, 1948 पर्यंत तिथे संस्थान होतं, त्यामुळे जुने कागद बाकी जिल्ह्यासारखेच असतील असं धरू नका. जात पडताळणीसाठी हेळव्याच्या वहीवर विसंबू नये. तिथे भर महसुली आणि शाळेच्या नोंदींवर असतो. ओबीसी दाखल्याला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात.

पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यांची, म्हणजे तीर्थक्षेत्रातल्या पुरोहितांची, वही हा याला चांगला जोड आहे. ती गाव आणि आडनावावरून शोधतात. वारीला आलेल्या पूर्वजाने स्वतःच्या हाताने लिहिलेली ओळ मिळाली तर ती हेळव्याच्या दहा नावांहून मोलाची, कारण तो माणूस त्या वेळी हयात होता हे तिथे ठरतं.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू पद्मशाली घरांना मात्र या सेवेचा उपयोग नाही. त्यांच्याकडे कूनपुली हे कथेकरी मार्कंडेय पुराण सांगतात, पण ती समाजाची कथा आहे, तुमच्या घरची वंशावळ नव्हे. तिथे इंटिपेरू म्हणजे घरनाव आणि गोत्र घेऊन करीमनगर, वरंगळ, नलगोंडा यांपैकी मूळ गाव शोधायला निघावं लागतं. तेलंगणात घरनाव आधी येतं, इथे ते आडनाव होऊन शेवटी गेलं, हे उलटून वाचल्याशिवाय तिकडच्या यादीत नाव सापडत नाही.

हेळवी उठायच्या आधी एक काम राहतं. गेल्या वेळेनंतर जन्मलेल्यांची नावं त्याच्याकडून वहीत चढवून घ्या, मुलींचीही, आणि लिहिलेली ओळ त्याला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.