द्राक्षांचा घड की नुसतं नाव?

पंचवटीतली माझी मैत्रीण घरी बेदाणे पाकिटबंद करून विकते. तिच्या लोगोसाठी मी दोन आराखडे केले: एकात द्राक्षांचा घड, दुसऱ्यात फक्त देवनागरीतलं नाव.

घडामुळे माल लगेच कळतो, व्हॉट्सअ‍ॅपच्या गोल डीपीतही तो छान बसतो. पण नाशिकमध्ये द्राक्षं कुठे नाहीत? निफाड-पिंपळगावच्या खोक्यांवर तोच घड सारखा दिसतो. उद्या तिने काजू विकायला घेतले तर?

नावाचा लोगो मेहनत मागतो. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार. ठळक अक्षर लहान केलं की आतल्या पोकळ्या बुजतात. २५० ग्रॅमच्या पाकिटावर छापून पाहिलं, तर 'ष'चं पोटच भरून गेलं होतं! रेघ बारीक केली, मात्रा मोकळ्या सोडल्या, तेव्हा कुठे नाव नीट वाचता आलं. दोन्ही आराखडे मात्र एसव्हीजीमध्येच केले, म्हणजे कितीही मोठं केलं तरी चित्र न फुटणाऱ्या फाइलमध्ये. जेपीजी बोर्डाएवढी मोठी केली की कडा फुटतात.

माझा कौल नावाला. नाशिकच्या बाजारात, रविवार कारंजावर कुणी "ते घडवालं द्या" म्हटलं, तर दुकानदार कुठलंही पाकीट काढून देईल. नावानं मागितलं, तर तिचंच द्यावं लागेल.