वीस व्हॉल्व्हचं इंजिन, पिशवीत सोळा

तारकर्लीला आमच्या दोन जेट स्की आहेत. त्यातली जुनी, यामाहा व्हीएक्स, गेल्या मे महिन्यात गिऱ्हाइकाने पाण्यात उलटी केली. पोरांनी घाईघाईत ती चुकीच्या बाजूने फिरवून सरळ केली. कुठल्या बाजूने फिरवायची त्याचा स्टिकर मागे असतो. उलट फिरवली की एक्झॉस्टमधलं खारं पाणी इंजिनात उतरतं. तसंच झालं, आणि लगेच पावसाळ्याची बंदी लागल्यामुळे मशीन तशीच शेडमध्ये उभी राहिली.

सप्टेंबरात काढली तर मिसिंग, पिकअप नाही. एका मिस्त्रीकडे नेली. दाब मोजायचं गेज न लावता, नुसता आवाज ऐकून तो म्हणाला, "सगळे व्हॉल्व्ह वाकले हत, हेडाचा काम." (हेड म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, व्हॉल्व्ह त्यातच असतात.) दिवाळीचं बुकिंग घेऊन बसलो होतो. 72 हजार दिले. बिल साध्या कागदावर, पार्ट नंबर एकही नाही. जुने व्हॉल्व्ह मात्र त्याने पिशवीत घालून हातात ठेवले. काळे पडलेले, दोन-तीन खरोखर वाकडे. मला ते पटलं. मशीन चार दिवस बरी चालली (प्लग आणि ऑइल तेवढं नवीन होतं), पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

मग वेंगुर्ल्याहून दुसरे मिस्त्री आले. चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून त्यांनी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं. तीन सिलिंडर जवळपास सारखे, एकाचा आकडा निम्मा. त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजलं. पिस्टनच्या रिंगा गेलेल्या असत्या तर आकडा चढला असता. तो जागचा हलला नाही. मग त्या सिलिंडरचा पिस्टन वर आणून, दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद असताना, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि मला म्हणाले, "कान लाव." हवा आत येते त्या तोंडाशी बारीक फुस्स ऐकू येत होतं, म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह बसत नव्हता. तोच आवाज एक्झॉस्टमधून आला असता तर एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आला असता तर रिंगा.

हेड उघडायला घेतलं तर बोल्टांभोवती मिठाचा थर जसाच्या तसा. "ह्या कोणी उघडूकच नाय," ते म्हणाले. आत व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या सीटवर गंजाचे खड्डे होते. सगळं मिळून 26 हजारांत काम झालं.

तुमची मशीन देताना हेडच्या दोन बोल्टांवर रंगाचा ठिपका द्या, फोटो काढा. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशनचे आकडे लिहून मागा. कोणी नाही म्हटलं तर मशीन परत आणा.

पिशवीतले व्हॉल्व्ह वेंगुर्ल्याच्या मिस्त्रींनीच मोजायला लावले. या इंजिनात एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, तीन इनटेक, दोन एक्झॉस्ट. चार सिलिंडरचे वीस. पिशवीत सोळा. पहिल्या मिस्त्रीला फोन केला तर म्हणाला, "चार बरे होते, ते ठेवले." पिशवीतला एक आमच्या व्हॉल्व्हशेजारी धरला. दांडी जाड, डोकं मोठं. आमच्या हेडात तो बसलाच नसता.