रॉड उत्तम, आटे भंगार: ४.५ एमएमच्या क्लीनिंग रॉडसोबत आठ महिने

चांगलं ते आधी सांगून टाकतो. एअर रायफलच्या नळीत अडकलेली पेलेट, म्हणजे शिशाची छोटी गोळी, या रॉडने दोन मिनिटांत बाहेर आली आणि नळीवर ओरखडा नाही. तरी पाचपैकी तीनच स्टार देतोय, कारण आटे. त्यावर येतोच.

पोरगी दहा मीटर एअर रायफल मारते. सुरुवातीला मी ऑनलाइन ४५० रुपयांची ॲल्युमिनियमची तीन तुकड्यांची रॉड घेतली होती, सोबत बारा ब्रश फुकट. बारा! मला वाटलं, लॉटरी लागली. मे महिन्यातल्या एका रविवारी रेंजवर 'टप्प'ऐवजी 'फुस्स' असा आवाज आला आणि टार्गेटच्या कार्डावर छिद्रच नाही. पोरीने रायफल खाली टेकवली, लिव्हर (पेलेट भरायला उघडायचा दांडा) उघडी ठेवली, हात वर केला. शेजारच्या लेनमधला एक हुशार म्हणतो, अजून एक मार, मागची पुढचीला ढकलेल. तिचे कोच, म्हणजे सर, तिथूनच ओरडले, "हात लावू नको त्याला!" बरं झालं. एकामागे दुसरी घातली की दोन्ही घट्ट बसतात, मग काढणाऱ्याचा जीव जातो.

घरी आणून मी तिन्ही तुकडे जोडले आणि ढकलायला लागलो. दुसऱ्या सांध्याजवळ रॉड पतंगाच्या कामटीसारखी वाकली आणि आतून 'कर्र' असा आवाज आला. तो आवाज अजून कानात आहे. सांध्याची कड नळीच्या खाचांवर घासत होती. शिवाय ॲल्युमिनियम मऊ, त्यात धूळ रुतून बसते आणि मग ती सळई राहत नाही, पॉलिश पेपर होते. तिथेच थांबलो. शेजारचे काका सायकलची तार घेऊन आले होते, त्यांना चहा पाजून परत पाठवलं. टोकदार तार शिशात घुसते, पेलेट आणखी फुगते, आणि तारेचं पोलाद नळीला ओरबाडतं ते वेगळंच. लाकडी काडीचा तर विचारही करू नका, ती आत मोडते.

विक्रेत्याला फोन केला. परतीचे सात दिवस संपले होते, ते ठीक. पण कस्टमर केअरची बाई म्हणे, "सर, आधी शस्त्र परवान्याची प्रत अपलोड करा." अहो ताई, ही पुसायची सळई आहे! आणि आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे ०.१७७ इंच बोअर (म्हणजे हीच ४.५ एमएमची नळी) आणि २० ज्यूल ताकदीपर्यंतच्या एअर रायफललाच परवाना लागत नाही, तर सळईला कुठून लागेल? पंचवीस मिनिटं होल्डवर ठेवलं बाप्पा.

शेवटी दात-ओठ खात ही नवी घेतली, २,१०० रुपयांची. एकसंध पोलादी, वरून प्लॅस्टिकचा लेप, मूठ बेअरिंगवर फिरणारी. पुढे पितळेचं सपाट टोक, नळीत जेमतेम मावेल एवढं जाड. हे सपाट टोकच कामाचं. स्पर्धेच्या बऱ्याच रायफलींच्या नळ्या तोंडाशी किंचित आवळलेल्या असतात, त्याला चोक म्हणतात. आमची पेलेट तिथेच, तोंडापासून चार बोटांवर थांबली होती. पुढची बॅरल ट्यूब (नळीच्या तोंडापुढे लावलेली जोडनळी) काढली, तोंडातून सिलिकॉन तेलाचा एक थेंब सोडला आणि पंधरा मिनिटं थांबलो. मग तोंडाकडूनच मागे ढकलली. का, तर पेलेटचं डोकं भरीव आणि सपाट असतं, मागचा घेर, म्हणजे स्कर्ट, पोकळ. मागून ढकललं तर टोक त्या पोकळीत शिरून स्कर्ट पसरवतं. हातोडी नाही, ठोकणं नाही, तळहाताचा एकसारखा दाब. रॉडवर चिकटपट्टीची खूण केली होती, म्हणून किती सरकली ते दिसत होतं. मागे टिश्यूवर पेलेट पडली, तेव्हा पोरीने टाळ्या वाजवल्या.

ही कृती पीसीपीसाठी, म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच हवा भरून ठेवलेल्या रायफलसाठी आहे हं. स्प्रिंगवाली असेल तर आत तेल जाऊ देऊ नका, दाबाने पेटतं.

आता आटे. घरात बारा ब्रश पडलेत आणि या रॉडवर एकही बसत नाही. आमचे बारीक आट्यांचे, हिचे जाड. डब्यावर कुठे लिहिलंय? कुठेच नाही. कंपनीचा एक ब्रश १८० रुपये. म्हणजे बारा ब्रश कपाटात ठेवून मी तेरावा विकत घ्यायचा? २,१०० घेणाऱ्याला आट्यांचं माप छापता येत नाही? महिनाभर मी ज्याला-त्याला हेच सांगत होतो, बायकोने शेवटी विषयच बंद केला.

अपडेट, चार महिन्यांनी: पेलेट अडकली म्हणून पहिल्यांदा मी इथे पेलेटच्या डब्याला शिव्या दिल्या होत्या, तो भाग आता काढलाय. त्या मागे घेतो. सरांनी विचारलं, त्या दिवशी गेज (हवेच्या दाबाचा काटा) किती होता? पोरगी गप्प. सिलिंडर २०० बारला भरायचा असतो, काटा ६० च्याही खाली गेला होता. तेवढ्या हवेत पेलेट चोकपाशी थांबणारच. माझाही गाढवपणा सांगतो: मी रॉड आत घातली तेव्हा सिलिंडर लावलेलाच होता. सरांना कळलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, नुसतं बघत राहिले. आता आधी सिलिंडर काढतो. तरी रेग्युलेटरमध्ये (हवेचा दाब कमी करून सोडणारा भाग) थोडी हवा उरते, म्हणून लिव्हर उघडीच ठेवतो आणि उजेड मागून टाकून बघतो, तोंडाला डोळा लावून नाही.

आट्यांचं काय झालं? नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडे रॉड आणि जुना ब्रश घेऊन गेलो. तो म्हणे, "कायले एवढं डोकं खपवता भाऊ, मी देतो न करून." पितळेचा नखाएवढा अडॅप्टर, साठ रुपये. सोबत नायलॉनचं बूच करून दिलं, रॉड नळीच्या तोंडावर घासू नये म्हणून. बारापैकी नऊ ब्रश बसले. तीन अजून बसत नाहीत, पण तीन स्टारचे साडेतीन करतो. अर्धा स्टार लेथवाल्याचा.

रॉडच्या डब्यावर आता पोरीने मार्करने लिहून ठेवलंय: 'बाबा, आधी सिलिंडर काढा.'